गाणं कुंपणाच्या आत ठेवा

बागेसाठी स्पीकर घ्यायला निघालेला माणूस दुकानात शिरतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "किती वॅटचा आहे?" व्यवहार इथेच बिघडतो. ऐकणारे कुठे बसणार, स्पीकरपासून किती अंतरावर, आणि त्यांच्या पलीकडे कोणाची खिडकी आहे, हे आधी ठरायला हवं. ज्याने हे ठरवलेलं नाही त्याला शंभर वॅटही कमी पडतात. ज्याने ठरवलंय त्याचं एका वॅटमध्ये भागतं.

एका वॅटमध्ये? होय. हिशेब मांडतो.

स्पीकरच्या माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' नावाचा एक आकडा असतो. फार थोडे लोक तो वाचतात. तिथे ८८ डेसिबल लिहिलं असेल, तर स्पीकरला एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल आवाज मिळतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल घटतात. म्हणजे दोन मीटरवर ८२, चार मीटरवर ७६, आठ मीटरवर ७०. समोरासमोर बसलेल्या दोघांचं साधं बोलणं साठच्या आसपास असतं. संध्याकाळी अंगणात गाणं ऐकायचं आहे आणि मधूनमधून बोलायचंही आहे, तर कानाशी ६५ भरपूर झाले. स्पीकर दोन मीटरवर असेल तर त्यासाठी एका वॅटचा पन्नासावा भाग पुरतो. तबल्याची थाप किंवा ढोलकीचा तोडा क्षणभर त्याच्या तीसपट ताकद मागतो. तरीही एक वॅट ओलांडला जात नाही.

मग खोक्यावर पाचशे, हजार, पाच हजार कशासाठी छापतात? विकण्यासाठी.

'पीएमपीओ ५००० वॅट' असं दिसलं तर ते खोकं तिथेच ठेवा. पीएमपीओ मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही. कंपनीने आकडा छापायचा आणि गिऱ्हाइकाने मान डोलवायची. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत देता किंवा झेलता येईल अशी ताकद. तोही फुगवलेला असू शकतो. तपासायचं सोपं साधन म्हणजे सोबत येणारा अॅडाप्टर. तो उलटा करून वाचा. '१२ व्होल्ट, २ अँपिअर' असेल तर आत २४ वॅट जातात. आत २४ जाणाऱ्या यंत्रातून सतत शंभर बाहेर पडणं शक्य नाही. हे दुकानदारालाही माहीत असतं, म्हणून त्याच्यासमोरच वाचा.

वॅटविषयी आणखी एक गैरसमज खिसा कापतो. दुप्पट वॅट घेतले की आवाज दुप्पट होतो, असं लोक धरून चालतात. पन्नासऐवजी शंभर वॅट घेतले तर हाती येतात तीन डेसिबल. फरक कळतो, पण जेमतेम. कानाला आवाज दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. उलट, चार मीटरवरचा स्पीकर दोन मीटरवर आणला की सहा डेसिबल आपोआप मिळतात. चौपट वॅटांचं काम जागा बदलून झालं, आणि त्याला खर्च आला भिंतीत दोन नवी भोकं पाडण्याएवढा.

म्हणून माझा पहिला निकाल असा: स्पीकर कानाजवळ न्या. बागेत एकच मोठा हॅलोजन लावला तर त्याच्याखाली डोळे दिपतात आणि कोपरे काळेच राहतात. आवाजाचंही तेच होतं. घराच्या मागच्या भिंतीवर दोन थोराड स्पीकर ठोकायचे, आंब्याखाली बसलेल्यांना ऐकू यावं म्हणून ते पिळायचे, आणि ओट्यावर बसलेल्या आजींना कानात बोटं घालायला लावायची, ही मांडणी मला बंगल्यामागून बंगल्यात दिसते. त्याच पैशात चार इंची चार छोटे स्पीकर येतात. बसायच्या जागेभोवती, खुर्चीत बसलेल्याच्या डोक्याच्या जरा वर, तोंडं आत वळवून ते लावावेत आणि चारही हळू वाजवावेत. तोंड आपल्या घराकडे असावं. कुंपणाकडे तोंड करून लावलेला स्पीकर शेजाऱ्यासाठी लावलेला असतो.

दोन्ही मांडण्या आकड्यांत पाहू. ऐकणारे भिंतीवरच्या स्पीकरपासून आठ मीटरवर, कुंपण बारा मीटरवर. ऐकणाऱ्यांना ६५ मिळायला हवेत, तर कुंपणाशी ६१-६२ पोहोचतात. आता स्पीकर ऐकणाऱ्यांपासून दोन मीटरवर आणि कुंपण स्पीकरपासून तेवढंच, बारा मीटर. ऐकणाऱ्यांना तेच ६५, कुंपणाशी जेमतेम ५०. गाणं तेच, आनंद तोच. शेजाऱ्याच्या वाट्याला मात्र अकरा-बारा डेसिबल कमी.

हा फरक कायद्याच्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे नेणारा आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त असता कामा नये. म्हणजे दिवसा तुमच्या कुंपणाशी साठ. पहिली मांडणी तिथेच नापास होते, तेही कोणी नाचत नसताना. शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या जागेत तर ध्वनिवर्धक लावणंच गुन्हा आहे.

आणि रात्र. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही. बंदिस्त सभागृहांना सूट आहे. बाग बंदिस्त नसते, मांडव घातला तरी नसते. "आमच्याच जागेत तर लावलंय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचं उत्तर इथे लिहून ठेवतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या निकालात स्पष्ट केलं आहे की, आपल्या हद्दीबाहेर जाऊन शेजाऱ्यांना त्रास देईल असा आवाज करण्याचा हक्क स्वतःच्या जागेतही कोणाला नाही. जागा तुमची, सातबारा तुमचा, कर तुम्ही भरता. हवा तुमची नाही.

पुण्यात पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव एके काळी पहाटेपर्यंत चालायचा. दहाचा नियम आला आणि महोत्सवाने आपल्या वेळा दुपार-संध्याकाळकडे सरकवल्या. उत्तररात्रीचे राग मंडपात समोर बसून ऐकण्याची सवय एका पिढीपासून सुटली. हे नुकसान मला अजून सलतं. पण ज्या नियमासाठी मालकंसाने आणि दरबारीने आपली वेळ सोडली, तो नियम शनिवारच्या पार्टीसाठी वाकवण्याचा अधिकार कुठल्याही फार्महाउसला नाही. रात्रीचे राग ऐकायचेत? जरूर ऐका. आत येऊन ऐका.

आता सबवूफर. गावठाणात, सोसायटीत, प्लॉटला प्लॉट लागून असलेल्या बंगल्यांच्या कॉलनीत तो लावूच नका. शंभर हर्ट्‌झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते. एवढ्या लांबीची लहर जास्वंदीच्या ताटव्याला जुमानत नाही, पाच फुटी भिंतीला वळसा घालून जाते आणि बंद खिडकीतूनही आत शिरते. शेजाऱ्याला गाण्याचे शब्द कळत नाहीत, चाल कळत नाही, छातीत फक्त धप् धप् कळतं. मीटर घेऊन मोजलं तरी हा त्रास पुरता दिसत नाही, कारण नियमात वापरलेलं 'ए' मापन कानाच्या संवेदनेनुसार खालचे स्वर कमी धरतं. त्रेसष्ट हर्ट्‌झला ते तब्बल २६ डेसिबल वजा करतं. तेव्हा मीटर ५८ दाखवत असेल आणि तरीही शेजारी दाराशी आला असेल, तर मीटरवर बोट ठेवून वाद घालू नका. शेजारी खरं बोलतोय.

बागेत खर्ज कमी लागतो हेही खरं. घरात भिंती आणि छत तो परत फेकतात, बाहेर तो निघून जातो. उपाय स्वस्त आहे. स्पीकर मोकळ्या खांबावर टांगण्याऐवजी घराच्या भिंतीला चिकटवून, पागोळीच्या खाली लावा. भिंतीच्या आधाराने खर्जाला सहा डेसिबलपर्यंत बळ मिळतं. पेटीचा खालचा सूर, डग्ग्याचा घुमार एवढ्याने भरून येतो. कुंपणाची मेंदी दाट वाढवली की आवाज अडेल, अशी आशा बाळगू नका. मेंदी नजर अडवते.

बागेत स्टिरिओही नको. डावा स्पीकर जांभळाखाली, उजवा विहिरीजवळ, आणि माणसं हिंडतायत. जांभळाखाली बसलेल्याला अर्धं गाणं, विहिरीशी उभ्या असलेल्याला उरलेलं अर्धं. अँप्लिफायरवर मोनोची सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर ती सोय असलेला अँप्लिफायर घ्या. स्टिरिओ दिवाणखान्यात, दोन स्पीकरच्या मधोमध बसून ऐकायची चीज आहे. तिथे तिचा मान ठेवा.

वीज आणि वायर यांकडे येतो. इथे चूक झाली तर जीव जातो.

अँप्लिफायर घरात ठेवा. बागेत फक्त स्पीकरची वायर जाऊ द्या. जे स्पीकर स्वतःच्या पोटात अँप्लिफायर घेऊन येतात, त्यांना जागेवर २३० व्होल्ट लागतात. जुलैच्या पावसात, ओल्या मातीत, पोरांच्या अनवाणी पायांखाली २३० व्होल्ट नेण्याएवढं कुठलंही गाणं मोठं नाही. तरीही न्यायचेच असतील तर चिलखती केबल दोन-अडीच फूट खोल पुरा, वर विटांचा थर द्या, अर्थिंग तपासून घ्या आणि त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. "घरात एमसीबी आहे की" हे उत्तर चालत नाही. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवायला आरसीसीबी लागतो. त्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.

स्पीकरच्या वायरीत कंजुषी करणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. हजारोंचे स्पीकर घेतात आणि घरात उरलेली पाऊण एमएमची वायर त्यांना जोडतात. अंतर तीस मीटर धरा. जाऊन-येऊन साठ मीटर वायर झाली. तिच्या टोकाला आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर भार चार ओहमचा. पाऊण एमएमच्या वायरीतून स्पीकरला मिळायची ती ताकद जवळपास निम्म्यावर येते. अडीच एमएमची वायर घातली तर जेमतेम पाचवा हिस्सा, म्हणजे एक डेसिबल जातो, आणि तेवढा जाऊ द्यावा. वायर तांब्याचीच हवी. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर बाजारात स्वस्त मिळते. ब्लेडने खरवडल्यावर आत पांढरं दिसलं तर परत करा. ती विजेला जास्त अडवते आणि ओलीत लवकर कुजते. वायर पाइपातूनच न्या. उंदीर तिला कुरतडतात, आणि माळीदादांच्या कुदळीला वायर कुठून गेली हे कोणी सांगितलेलं नसतं. पाइप कुठून नेला याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. खड्डा बुजवण्याआधी.

चार स्पीकर एकाच चॅनेलला समांतर जोडण्याची हौस असेल तर थांबा. आठ ओहमचे चार समांतर जोडले की भार दोन ओहमवर येतो आणि घरगुती अँप्लिफायर बहुधा चार ओहमच्या खाली टिकत नाही. तो तापतो, बंद पडतो, पुन्हा चालू केला की पुन्हा तापतो, आणि एक दिवस कायमचा बसतो. दोन-दोनच्या जोड्या एकापुढे एक जोडा आणि त्या दोन जोड्या समांतर करा. भार पुन्हा आठ ओहमवर येतो. वायरमनला हे कागदावर काढून द्या. पंखा-दिवे उत्तम बसवणाऱ्या माणसाला ओहमचा हिशेब यायलाच हवा असं नाही, आणि तो विचारत नाही म्हणजे त्याला येतो असंही नाही.

बाग मोठी असेल, आठ-दहा स्पीकर लागणार असतील, तर मी १०० व्होल्ट लाइनच्या बाजूने मत देईन. रेल्वे फलाट, शाळा, देवळं इथे वर्षानुवर्षं चालणारी हीच पद्धत. अँप्लिफायर जास्त व्होल्टवर आवाज पाठवतो आणि प्रत्येक स्पीकरमागे छोटा लाइन ट्रान्सफॉर्मर असतो. साठ वॅट चार ओहमला पाठवायला जवळजवळ चार अँपिअर लागतात, १०० व्होल्टवर ते काम ०.६ अँपिअरमध्ये होतं. वायरीतला तोटा चाळीसपट कमी. ट्रान्सफॉर्मरला १०, ५, २.५ वॅट असे टप्पे असतात, त्यामुळे बसायच्या जागेजवळचा स्पीकर पाचवर आणि कुंपणाजवळचा अडीचवर लावता येतो. सगळ्या टप्प्यांची बेरीज अँप्लिफायरच्या क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांत ठेवा. दोन इशारे: साधा आठ ओहमचा स्पीकर या लाइनला थेट जोडला तर जळतो, आणि १०० व्होल्टचा झटका बसतो, तेव्हा जोड उघडे ठेवू नका. स्वस्त ट्रान्सफॉर्मर खर्ज खातात हा या पद्धतीचा दोष. वस्तीतल्या बागेत तो दोष शेजाऱ्यांच्या उपयोगी पडतो.

भारनियमनाच्या गावांत इन्व्हर्टरवर अँप्लिफायर चालवणाऱ्यांनी साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्यावा. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर गाण्यामागे एक सततची घरघर चालू होते आणि लोक स्पीकर बदलत बसतात. अँप्लिफायर वापरून झाला की मुख्य बटण बंद करा. रिकामा बसलेला अँप्लिफायर १५ वॅट खात असेल तर वर्षाला सुमारे १३० युनिट होतात.

वळिवाची गडगड सुरू झाली की प्लग काढा आणि स्पीकरच्या वायरीही अँप्लिफायरपासून सोडवा. बागेभर पसरलेली लांब वायर जवळ पडलेल्या विजेचा झटका थेट घरात आणते. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

पाऊस, ऊन, खारं वारं. खोक्यावरचा 'आयपी' आकडा वाचायला शिका, त्याला दोन मिनिटं पुरतात. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा चार असेल तर स्पीकर उडालेले थेंब झेलतो. पाच-सहा असेल तर पाण्याची धार झेलतो. सात असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरतो. पागोळीखाली चार चालेल. उघड्यावर पाचच्या खाली जाऊ नका. स्प्रिंकलरचा फवारा थेट स्पीकरच्या जाळीवर बसत असेल तर आधी स्प्रिंकलर वळवा.

पण हा आकडा नव्याकोऱ्या स्पीकरचा, गोड्या पाण्यातला असतो. चार उन्हाळे खाल्लेल्या रबराची हमी त्यात नसते आणि खाऱ्या हवेची तर मुळीच नसते. अलिबाग, गुहागर, मालवणच्या किनाऱ्यावर मी आधी स्क्रू बघेन, मग स्पीकर. लोखंडी जाळीवर कितीही रंग चढवलेला असू दे, पहिल्या ओरखड्यापासून गंज आत चालत जातो आणि तांबडे ओघळ भिंतीवर उतरतात. जाळी अॅल्युमिनियमची, स्क्रू आणि पट्ट्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या, पडदा कागदाऐवजी पॉलिप्रॉपिलीनचा, त्याची कडा फोमऐवजी रबराची. दुकानदाराला हे चार प्रश्न विचारा. उत्तर येत नसेल तर दुसरं दुकान बघा. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे "वॉटरप्रूफ आहे साहेब" एवढ्यावर विश्वास ठेवून चालणार नाही.

स्पीकर जरा खाली झुकवून लावा, पाणी निथळायचं छिद्र खालच्या बाजूला ठेवा. वर्षातून एकदा पावसाळ्याआधी छिद्रं तपासा, कारण कुंभारीण माशी त्यांत मातीचं घर बांधते आणि मग पाणी आतच साचतं. भिंत जांभ्याची असेल तर लांब फास्टनर वापरा, दगड मऊ असतो. झाडाला खिळा ठोकू नका. स्पीकरला टेकू मिळतो आणि झाडाला जखम होते, शिवाय वाऱ्यात फांदी हलली की वायर तुटते. दगडाच्या आकाराचे फायबरचे स्पीकर मिळतात. ते जमिनीवर ठेवायचे असल्याने चिखल उडतो, बेडूक-मुंग्या आत शिरतात आणि गवत कापणारं यंत्र त्यांच्यावर आदळतं. मी घेणार नाही.

विदर्भात पाण्यापेक्षा उन्हाची चिंता जास्त. चंद्रपूर-अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. सौर पट्टीवर चालणारे बागेचे स्पीकर दिवसभर उन्हात तापत चार्ज होत राहतात. त्यांची बॅटरी लवकर खचते. कोकणात त्यांना चार महिने ऊनच मिळत नाही. मग ते घ्यायचे तरी कुठे?

आणि हे सगळं वाचून ज्यांची बाग पंधरा बाय वीस फुटांची किंवा गच्चीवरच्या कुंड्यांची आहे, त्यांनी यातलं काहीच करू नये. एक चांगला चार्जिंगचा स्पीकर घ्या, 'आयपी ६७' वाला, गाणं ऐकायचं तेव्हा मधल्या टेबलावर ठेवा, संपलं की आत आणा. ना खोदकाम, ना ओहम, ना गंज. खुर्ची सरकली की गाणंही सोबत सरकतं. दोन वेगवेगळे ब्लूटूथ स्पीकर एकत्र वाजवायचा हट्ट मात्र धरू नका. ते जोडीने चालण्यासाठी बनवलेले नसतील तर एक दुसऱ्याच्या मागे पडतो आणि गाणं तोतरं होतं.

राहता राहिली पवना, मुळशी, पानशेतच्या काठची, कर्जतच्या नदीकाठची, अलिबागच्या वाड्यांमधली भाड्याने दिली जाणारी फार्महाउसं. तिथल्या मालकांवर माझा राग आहे आणि तो मी लपवणार नाही. पाहुण्यांना खूश करायला बाहेर मोठी यंत्रणा लावून ठेवायची आणि आवाजाची चावी त्यांच्याच हातात द्यायची, हा धंदा गावाच्या झोपेवर चालतो. संध्याकाळनंतर पाण्यालगतची हवा गार होते, वरची उबदार राहते आणि आवाज वर निघून जायच्या ऐवजी खाली वाकून पाण्यावरून पलीकडच्या काठाला पोहोचतो. दिवसा जो आवाज शेतापुरता होता तो रात्री समोरच्या वाडीत स्पष्ट ऐकू येतो. तिथे पहाटे धार काढायला उठणारी बाई आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीच्या परीक्षेला बसलेली मुलगी आहे. तक्रार करायला ती कोणाकडे जाणार? मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांपुढे वाडीतल्या माणसाचा आवाज चालत नाही, आणि मालक तर तिथे राहतही नाही.

उपाय मालकाच्या हातात आहे, आणि अवघड अजिबात नाही. अँप्लिफायर कुलूपबंद कपाटात ठेवा. आवाजाची कमाल मर्यादा आतूनच बांधून टाका, बहुतेक व्यावसायिक अँप्लिफायरना ती सोय असते. दहा वाजता वीज तोडणारा साधा टायमर त्या लाइनवर बसवा. पाहुण्यांशी वाद घालायला रखवालदाराला पुढे करू नका. भाड्याच्या पावतीवरच "बाहेरचं संगीत रात्री दहाला बंद होतं" असं छापा. यावर जे पाहुणे दुसरीकडे जातील त्यांना जाऊ द्या. पालिकेची, ग्रामपंचायतीची, पोलिसांची वाट बघायची गरज नाही. ज्यांना वाट बघून कंटाळा आला असेल, त्या शेजाऱ्यांसाठी ११२ हा क्रमांक आहे, आणि तो फिरवण्यात कसलाही कमीपणा नाही.

बागेत गाणं हवंच. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडल्यावर, मोगरा उमलताना हळू आवाजात लावलेली ठुमरी किंवा भावगीत ज्याने ऐकलं आहे त्याला मी ते सोडायला सांगणार नाही. दयाळाचा आणि रातकिड्यांचा आवाज मात्र त्याच्या खालून ऐकू यायला हवा. तो ऐकू येत नसेल तर तुमचा आवाज जास्त झालाय, मीटर आणायची गरज नाही.

आणि एक काम नक्की करा. स्पीकर लावून झाले की पहिल्याच संध्याकाळी घरच्यांना नेहमीच्या आवाजात गाणं लावायला सांगा आणि तुम्ही शेजाऱ्यांकडे चहाला जा. त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी उघडी ठेवून दहा मिनिटं बसा. गाण्याचे शब्द ओळखू आले तर तिथूनच घरी फोन करा आणि आवाज उतरवा, ओळखू येईनासे होईपर्यंत. जिथे थांबलात तिथे अँप्लिफायरच्या बटणावर खूण करा. निघताना शेजाऱ्यांना तुमचा नंबर द्या आणि सांगा, खुणेच्या पुढे गेलो तर फोन करा.